बॅकअप आहे म्हणता? मंग रिस्टोर करून दाखवा

पोस्ट लांब आहे. ज्यांचं सोसायटीत कर्ज आहे, पतसंस्थेत ठेव आहे, पंचायतीत घरटॅक्सची नोंद आहे, त्यांनी वाचावी. म्हणजे पारशिवनी तालुक्यातल्या जवळपास सगळ्यांनीच.

आधी जे घडलं ते सांगतो. संस्थेचं नाव सांगणार नाही, विचारू नका. भांडण त्या एका संस्थेशी नाही. नाव टाकलं की कमेंटमध्ये दोन गट पडतील, कोणत्या पार्टीचा अध्यक्ष यावर शंभर कमेंट येतील आणि मुद्दा जाईल पेंचच्या कालव्यात वाहून.

तर मागच्या खरिपाच्या तोंडावर, कर्जवाटपाच्या ऐन दिवसांत, तालुक्यातल्या एका संस्थेच्या मुख्य कॉम्प्युटरची हार्ड डिस्क गेली. सभासदांची खाती, वसुली, शेअर्स, सगळं त्यातच. मला फोन आला. (ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचंच काम आहे.) फोनवर पहिलंच वाक्य, "घाबरायचं काही नाही भाऊ, बॅकअप आहे. रोज रात्री घेते तो." गेलो. बाहेर लावलेली डिस्क होती, त्यात फायली होत्या. नवीन मशीन आणलं, सॉफ्टवेअर टाकलं, रिस्टोरचं बटन दाबलं. स्क्रीनवर उत्तर आलं : ॲक्सेस डिनाइड. परवानगी नाही.

कोणाची परवानगी नाही? ज्या ऑपरेटरनं हा बॅकअप लावून दिला होता, तो नोकरी सोडून पुण्याला गेला होता. कंत्राटी पोरगा, तोही चार-चार महिने पगार थकलेला. गेला त्याच दिवशी त्याचं युजर अकाउंट डिलीट केलं. सुरक्षेसाठी म्हणे! कोणी सांगितलं होतं? कोणी नाही. "गेलेल्या माणसाचं खातं काहून ठेवायचं?" एवढाच विचार.

आता यात काय काय अडकलं ते पाहा, कारण हे प्रत्येक ऑफिसात जसंच्या तसं अडकू शकते.

पहिलं म्हणजे, त्या फायलींचा मालक तो होता. विंडोज माणसाला नावानं ओळखत नाही, एका लांबलचक नंबरानं ओळखते. खातं डिलीट केलं की नंबर कायमचा मरतो. फायलीच्या मालकाच्या जागी नाव दिसत नाही, एस-१-५-२१ नं सुरू होणारी आकड्यांची शेपटी दिसते. लोकांनी हुशारी केली, त्याच नावाचं नवीन खातं उघडून पाहिलं. नाही चाललं, चालणारच नव्हतं. नाव तेच, पण नंबर नवा. सातबाऱ्यावर आजोबाचं नाव रामा आणि नातवाचंही नाव रामा, म्हणून फेरफार न करता वावर नातवाचं होते का? तसंच हे. हा भाग सुटण्यासारखा असतो. मशीनच्या मुख्य ॲडमिनिस्ट्रेटरला फायलींची मालकी स्वतःकडे घेता येते. ती घेतली.

दुसरं जरा जड निघालं. रोज रात्रीचा बॅकअप त्या पोराच्याच खात्यातून चालत होता. खातं गेल्यावर रात्रीचं काम त्याच दिवशी बंद पडलं. पण स्क्रीनवर हिरवी टिकली तशीच होती, कारण ती शेवटच्या यशस्वी बॅकअपची होती. तारीख खाली बारीक अक्षरात लिहिलेली. चोवीस दिवस कोणी ती तारीख वाचली नाही. चोवीस दिवसांचा बॅकअपच नव्हता, आणि ते दिवस वसुलीचे होते.

तिसरं, बॅकअपच्या फायलीला पासवर्ड होता. तो लावणं बरोबरच, डिस्क कोणी उचलून नेली तर सभासदांची माहिती उघडी पडू नये. पण तो पासवर्ड त्या पोराच्या डोक्यात. संस्थेनं मधल्या काळात "पासवर्ड बदलून घेतला" होता, तो सॉफ्टवेअरच्या लॉगिनचा. लॉगिनचा पासवर्ड बदलला म्हणून आधी बंद केलेल्या फायलीचं कुलूप बदलत नाही, एवढं साधं कोणाच्या लक्षात नव्हतं. जुन्या फायलीला जुनीच चावी लागते. ज्यांच्याकडे टॅली आहे त्या दुकानदारांनाही सांगून ठेवतो : टॅली व्हॉल्टचा पासवर्ड विसरलात तर कंपनीसुद्धा तो काढून देऊ शकत नाही. बाजारात "तोडून देतो" म्हणणारे भेटतात, त्यांच्या हाती आपली वही देऊ नका.

पोराला फोन लावला. चांगला निघाला बिचारा, पासवर्ड सांगितला. थकलेल्या पगाराबद्दल एक शब्द बोलला नाही. मीच बोललो नंतर, सचिवाजवळ. पण तो फोन त्यानं उचलला नसता तर? नंबर बदलला असता तर? रागात असता तर? एका तालुक्याच्या शेतकऱ्यांचा हिशेब एका कंत्राटी पोराच्या चांगुलपणावर टांगलेला होता, आणि वरून म्हणायला तयार, "बॅकअप आहे."

एवढं होऊन डेटाबेस आला, तरी प्रोग्रॅम उघडेना. लॉगिन फेल. हा चौथा प्रकार आणि सर्वांत फसवा. एसक्यूएल सर्व्हरवर चालणारी जी सॉफ्टवेअरं आहेत, त्यात डेटाबेसच्या आतला युजर वेगळा आणि सर्व्हरवरचं लॉगिन वेगळं. दोघांना जोडणारा असतो तोच लांब नंबर. नव्या मशीनवर नवं लॉगिन बनवलं की त्याचा नंबर नवा, आतला युजर जुना नंबर धरून बसलेला. त्याला अनाथ युजर म्हणतात. एका ओळीची आज्ञा देऊन दोघांची गाठ पुन्हा बांधता येते, पाच मिनिटांचं काम. पण ज्याला हे माहीत नाही तो काय करतो? "बॅकअपच खराब आहे" म्हणून फाइल फेकतो, किंवा त्याच फाइलवर नवीन कोरा डेटाबेस चढवतो. तिथं खेळ खल्लास.

चार दिवस लागले. चोवीस दिवसांच्या नोंदी पावत्यांवरून हातानं पुन्हा भरल्या. त्या चार दिवसांत लाइनीत कोण होतं? एक बाई होती, नवरा गेल्यावर वावर तिच्या नावावर झालेलं. दुसऱ्या बँकेतून पीककर्ज घ्यायला तिला या संस्थेचा निल दाखला पाहिजे होता. कर्ज भरलेलं होतं, हातात पावती होती. खिडकीवरचं उत्तर : "कॉम्प्युटरमध्ये तुमच्याकडं बाकी दिसून राहिली, बाई." तिची पावती नेमकी त्या चोवीस दिवसांतली होती. तिचा दोष काय? तिनं पैसे भरले हा?

आणि मग नेहमीचं सुरू झालं. त्या पोरानं घोळ केला, सॉफ्टवेअर कंपनी चोर आहे, लाइन गेली म्हणून डिस्क गेली. लाइन आपल्याकडं जातेच, त्यात नवं काय? डिस्कही मरतात, माणसंही नोकरी सोडतात. या तिन्ही गोष्टी होणारच असं धरून ज्यानं कारभार करायचा, त्याला आपण पदाधिकारी म्हणून निवडून देतो.

माझा मुद्दा हा आहे, आणि तो सगळ्या तालुक्याच्या कार्यालयांना लागू आहे. बॅकअप घेतला की नाही हा प्रश्नच अर्धवट आहे. आज, आत्ता, जुना माणूस निघून गेल्यावर, नव्या माणसाला तो परत आणता येतो का, हे विचारा.

बदल्यांच्या वेळी तर हा धोका ठरवून येतो. आपल्या राज्यात बदल्यांचा कायदा २००५ चा आहे. सर्वसाधारणपणे तीन वर्षं एका पदावर, आणि बदल्या एप्रिल किंवा मे महिन्यात. त्याच महिन्यांत खरिपाचं कर्जवाटप सुरू होते आणि शाळा-कॉलेजच्या प्रवेशासाठी दाखल्यांची गर्दी लागते. म्हणजे ज्या महिन्यात कार्यालयातली खाती, पासवर्ड, अधिकार सगळ्यात जास्त हात बदलतात, त्याच महिन्यात लोकांना रेकॉर्ड सगळ्यात जास्त पाहिजे असते. याची तयारी कोणत्या ऑफिसात होते? चार्ज देताना टेबल, खुर्ची, कपाट, शिक्के, रजिस्टर, सगळ्याची यादी बनते. दोन्हीकडच्या सह्या होतात. एक पंखा कमी भरला तर पत्रव्यवहार वर्षभर चालतो. पण बॅकअप कोणत्या खात्यातून चालतो, त्याचा पासवर्ड कुठे ठेवला, शेवटचा रिस्टोर कधी करून पाहिला, असा रकाना त्या यादीत तुम्ही पाहिला का? मी आजवर पाहिला नाही.

आणि त्या मोबाइलच्या ओटीपीचं तर विचारूच नका. ऑफिसचं खातं, पण उघडलं कोणाच्या तरी स्वतःच्या जीमेलवर आणि नंबर टाकला स्वतःचा. माणूस बदलून गेला, ओटीपी जातो त्याच्या खिशात, आणि हे इकडे फोन करून राहिले, "साहेब, जरा सहा आकडे सांगा ना!" सरकारी रेकॉर्डची चावी भलत्याच गावात फिरून राहिली आणि आपण त्याला डिजिटल इंडिया म्हणायचं.

आता कोणी म्हणेल, लहान गावात असंच चालते, मोठ्या ठिकाणी सगळं पक्कं असते. मोठ्या ठिकाणचंही ऐका.

ऑस्ट्रेलियात युनिसुपर नावाचा पेन्शन फंड आहे, सहा लाखांहून जास्त सभासद. त्यांचा सगळा कारभार गूगल क्लाउडवर, दोन वेगवेगळ्या ठिकाणी प्रती ठेवलेल्या. मे २०२४ मध्ये गूगलच्याच बाजूनं एका सेटिंगमध्ये चूक झाली आणि युनिसुपरचं खातंच डिलीट झालं. खातं गेलं तशा दोन्ही ठिकाणच्या प्रतीही गेल्या, कारण दोन्ही एकाच खात्याखाली होत्या. वाचले कशामुळे? तिसऱ्याच एका कंपनीकडे त्यांनी वेगळा बॅकअप ठेवला होता म्हणून. तरीही सभासदांना आठवडाभर आपलं खातं पाहता आलं नाही. "क्लाउडवर आहे, टेन्शन नाही" म्हणणाऱ्यांनी ही गोष्ट कागदावर लिहून भिंतीला लावावी.

दक्षिण कोरियात २६ सप्टेंबर २०२५ ला देजॉन शहरातल्या सरकारी डेटा सेंटरला आग लागली. सरकारी कर्मचाऱ्यांच्या फायली ठेवायची त्यांची जी-ड्राइव्ह होती, ८५८ टेराबाइट. जळाली. बाहेर दुसरी प्रत नव्हती, कारण म्हणे डेटा फार मोठा होता. जगात सगळ्यात वेगवान इंटरनेट असणाऱ्यांत गणला जाणारा देश आहे तो.

आपलं दिल्लीचं एम्स घ्या. २३ नोव्हेंबर २०२२ ला रॅन्समवेअरचा हल्ला झाला, पाच सर्व्हर अडकले. तिथं मात्र ई-हॉस्पिटलचा डेटा एका न बिघडलेल्या बॅकअप सर्व्हरवरून परत मिळाला. चांगली गोष्ट. पण बहुतेक कामं पूर्ववत व्हायला दोन आठवडे लागले आणि तोवर चिठ्ठ्या हातानं लिहिल्या. बॅकअप असून, देशातल्या सगळ्यात मोठ्या दवाखान्यांपैकी एक असून, दोन आठवडे. आता आपल्या सोसायटीचा हिशेब तुम्हीच लावा.

आणि मला सगळ्यात जास्त आदर वाटतो तो गिटलॅबचा. सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांची मोठी कंपनी. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री त्यांच्या इंजिनिअरच्या हातून चुकीच्या सर्व्हरवरचा डेटाबेस पुसला गेला. सुमारे ३०० जीबीतले साडेचार जीबी उरले. बॅकअप पाहायला गेले तर रोजचा बॅकअप तयारच होत नव्हता. डेटाबेस एका आवृत्तीचा आणि बॅकअप घेणारा प्रोग्रॅम जुन्या आवृत्तीचा. बॅकअप फसला असं सांगणारे ईमेल निघत होते, पण वाटेतच नाकारले जात होते. सहा तास आधी एकानं दुसऱ्याच कामासाठी काढलेली प्रत होती, तिच्यावर निभावलं. यातलं लक्षात घेण्यासारखं पुढं आहे. त्यांनी काही लपवलं नाही. काय चुकलं, कोणकोणत्या पद्धती फसल्या, सगळं लोकांसमोर लिहिलं. दुरुस्तीचं काम यूट्यूबवर लाइव्ह दाखवलं. त्या इंजिनिअरला बळीचा बकरा केलं नाही. आपल्याकडे? "तांत्रिक अडचणीमुळे कामकाज बंद राहील", एक कागद दारावर, त्यावर तारीखही नाही.

हे सगळं आता काहून काढलं, तर गावोगावच्या विविध कार्यकारी सोसायट्या ऑनलाइन होऊन राहिल्या. केंद्रानं जून २०२२ मध्ये ६३ हजार प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाला मंजुरी दिली, खर्च २,५१६ कोटी. चांगलं काम आहे, मी विरोधात नाही. खतावणी फाडून नवीन पान चिकटवणारे हात त्यानं थांबतील. पण मशीन, सॉफ्टवेअर आणि ट्रेनिंग आलं म्हणून सोसायटीतला युजर कोण, त्याचा मोबाइल कोणाचा, तो गेला तर पुढं काय, हे आपोआप ठरत नाही. ते सोसायटीच्या मीटिंगमध्ये ठरवावं लागते, प्रोसिडिंगमध्ये लिहावं लागते.

किती वर्षं जपायचं म्हणाल तर आपल्या जिल्ह्यातलंच बघा. नागपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेचं रोखे प्रकरण २००२ चं, खालच्या कोर्टाचा निकाल लागला डिसेंबर २०२३ मध्ये. एकवीस वर्षं! एकवीस वर्षांत किती ऑपरेटर बदलतात, किती पासवर्ड, किती सॉफ्टवेअर? कागदाला वाळवी लागते हे आपल्याला माहीत आहे. पासवर्डलाही लागते.

कायदा नाही असंही नाही. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ आहे. सरकारी अभिलेख नियम सोडून नष्ट केले तर पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कॉम्प्युटरनं तयार झालेली सामग्रीही अभिलेखच असते. माहिती अधिकाराच्या कायद्यात कलम ४ मध्ये रेकॉर्ड नीट, सूचीसह ठेवण्याची आणि कॉम्प्युटरवर आणण्याची जबाबदारी कार्यालयावर टाकली आहे. ज्या बॅकअपची चावी हरवली तो रेकॉर्ड ठेवलेला म्हणायचा की हरवलेला, हे एकदा कोणीतरी अपिलात विचारायलाच पाहिजे.

मागणी फार मोठी नाही, पैसे तर जवळपास लागतच नाहीत. बॅकअपसाठी वेगळं खातं ठेवा, कोणा माणसाच्या नावाचं नाही, कार्यालयाच्या नावाचं. माणूस गेला की त्याचं खातं बंद करा, डिलीट करू नका. बंद केलेलं पुन्हा चालू करता येते, डिलीट केलेलं येत नाही. बंद करण्याआधी त्या खात्यावर कोणती कामं चालतात ते तपासा, आणि पासवर्ड बदलला की बॅकअपच्या सॉफ्टवेअरमध्ये साठवलेलाही त्याच दिवशी बदला. पासवर्ड लखोट्यात घालून, दोघांच्या सह्या घेऊन तिजोरीत ठेवा, जुने पासवर्डसुद्धा तारखेसकट. बँकेच्या तिजोरीला दोन चाव्या आणि दोन माणसं असतात ना? नोटांसाठी एवढी अक्कल लावता, तर नोटा कोणाच्या आहेत हे सांगणाऱ्या हिशेबासाठी काहून नाही?

आणि तीन महिन्यांतून एकदा दुसऱ्या मशीनवर रिस्टोर करून पाहा. चालू मशीनवर नाही, हे ठळक करून घ्या. ज्यानं बॅकअप लावला त्यानं नाही करायचं, दुसऱ्यानं करायचं. पाच सभासदांचे उतारे काढून पासबुकाशी जुळवायचे. झालं. दुपारभराचं काम आहे. बदलीचा आदेश आला की जुन्या माणसाच्या डोळ्यांसमोर नव्यानं हे करून दाखवावं, मगच चार्ज रिपोर्टवर सही.

कुठं अडकलंच, तर ऑपरेटर भावांनो-बहिणींनो, तुमच्यासाठी एवढंच : पहिले जे काही एररचं वाक्य आलं त्याचा फोटो काढा. लगेच सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकू नका. बॅकअपच्या डिस्कची आधी एक नक्कल करा आणि प्रयोग नकलेवर करा. मग पाहा, बॅकअप घेताना खातं कोणतं होतं आणि आज कोणत्या खात्यातून उघडून राहिले. माझ्या पाहण्यातल्या बहुतेक भानगडी तिथंच सापडल्या. आणि वरचा साहेब "लवकर करा, लवकर करा" म्हणून डोक्यावर उभा राहिला, तर त्याला चहाला पाठवा.

मी येत्या सोमवारी माहिती अधिकारात अर्ज टाकतो आहे. तालुक्यातल्या सगळ्या सरकारी कार्यालयांना तेच तीन प्रश्न. शेवटचा रिस्टोर कोणत्या तारखेला करून पाहिला? तो कोणी केला? बॅकअपच्या खात्याचा चार्ज शेवटच्या बदलीत कोणी कोणाला दिला? पासवर्ड विचारणार नाही, एवढं कळते मला. सहकारी संस्थांना हा कायदा थेट लागू होईलच असं नाही, तिथं सभासद म्हणून आमसभेत विचारा. तो हक्क कोणी काढू शकत नाही. सप्टेंबरात आमसभा असतात. चहा-चिवडा झाल्यावर नाही, आधी विचारा.

अर्जाचा मसुदा पाहिजे असेल त्यांनी कमेंटमध्ये गावाचं नाव टाका, पाठवतो. कन्हानकडच्या तिघांनी आधीच घेतला आहे.